दबलेला स्वर

रशियनमध्ये ‘पाणी’ लिहितात ‘वोदा’, म्हणतात ‘वादा’. आघात शेवटच्या स्वरावर असल्यानं आधीचा ‘ओ’ दबून ‘आ’कडे झुकतो. अनेकवचनात आघात पहिल्या स्वरावर येतो, ‘वोदी’ होतं आणि ‘ओ’ पुन्हा स्पष्ट ऐकू येतो. शुद्धलेखनासाठी तिथली मुलं हीच कसोटी लावतात. आघाताची खूण मात्र आपल्या उर्दूतल्या जेर-जबरसारखीच सहसा छापत नाहीत. ‘मुका’त पहिल्या स्वरावर जोर दिला तर यातना, दुसऱ्यावर दिला तर पीठ!

उत्तरेकडच्या बोलींत तो ‘ओ’ दबत नाही. मॅक्झिम गॉर्कीही तसाच बोलत. प्रमाणभाषेनं फक्त लिपीत राखलेला स्वर बोलीनं तोंडात राखला. माझ्या वर्गात दखनी, कोकणी बोलणारी मुलं येतात. त्यांचे उच्चार ‘सुधारण्या’आधी मला हे आठवावं लागतं.