माझी तालीम

मुलांनो, 'तालीम' म्हणजे काय, असे कोणी विचारले तर तुम्ही लगेच सांगाल, "शिक्षण!" मीसुद्धा तेच सांगितले असते. तेव्हा मी अहमदनगरच्या एका उर्दू शाळेत सातवीत होतो. त्याच शहराला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. एकदा मराठीच्या तासाला सर म्हणाले, "मुलांनी संध्याकाळी तालमीत जावे." मला वाटले, सर शिकवणीबद्दल बोलत आहेत. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, माझ्या अब्बांना शिकवणीची फी परवडणार नाही."

सर हसू लागले. "अरे, मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा! शब्द तुमचाच आहे. तुमचा उस्ताद आमच्याकडे येऊन वस्ताद झाला, तसाच हाही."

मी फार हडकुळा होतो. वर्गातली मुले मला 'काडी' म्हणत. सरांचे बोलणे मी मनावर घेतले. पण तालमीत काही गेलो नाही. बाजारात एक नवी व्यायामशाळा निघाली होती, तिथे गेलो. दारावर पिळदार दंडांच्या माणसांची चित्रे होती. आत भिंतभर आरसे होते, मोठ्याने गाणी चालू होती. मालक म्हणाला, "तीन महिन्यांत अंग भरेल बघ." त्याने माझे वय विचारले नाही. फी मात्र आगाऊ घेतली आणि ताकदीच्या पावडरीचा एक डबाही गळ्यात मारला. ते पैसे अम्मीने शिलाईकाम करून साठवलेले होते.

तिसऱ्या दिवशी एका मोठ्या मुलाने मला चिडवले, "हे वजन उचलून दाखव!" मी उचलले. माझ्याकडे लक्ष द्यायला तिथे कोणीच नव्हते. कमरेत अशी चमक भरली, की मी आठ दिवस अंथरुणावर पडून होतो. सहामाहीचा गणिताचा पेपर बुडाला. अब्बा म्हणाले, "आजपासून व्यायाम बंद!"

मी रडकुंडीला आलो. तेव्हा मामू मदतीला आले. तरुणपणी ते कुस्ती खेळत. ते अब्बांना म्हणाले, "दोष व्यायामाचा नाही, जागेचा आहे. मला एक जागा बघू द्या."

मामू मला एका जुन्या तालमीत घेऊन गेले. मला वाटले, आता नाव लिहितील. पण ते एका बाकावर बसले आणि म्हणाले, "आज फक्त बघायचे." आम्ही तासभर बघत बसलो. खाली लाल मातीचा हौद होता. मातीत तेल, ताक आणि हळद मिसळलेली होती. वस्ताद स्वतः हौदाच्या काठावर उभे होते. लहान मुलाची जोड ते लहान मुलाशीच लावत. एका मुलाच्या मानेवर नायटा उठला होता. त्याला त्यांनी मातीत उतरू दिले नाही. "आधी डॉक्टरकडे जा," म्हणाले. एक मुलगा दमून बसला, पण त्याला कोणी हसले नाही. मामूंनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

मग वस्तादांनी मला जवळ बोलावले. वय किती, शाळा कधी सुटते, कधी काही आजार झाला होता का, असे त्यांनी बरेच प्रश्न विचारले. मी वाकलो तेव्हा त्यांच्या लक्षात आले. "कमरेला काय झाले?" त्यांनी विचारले. मी खाली मान घालून सगळे सांगितले.

पहिला महिना मला कुस्ती मिळालीच नाही. फावड्याने माती उकरायची, वीस बैठका काढायच्या आणि घरी जायचे. मी खुराकाबद्दल विचारले, तर वस्ताद म्हणाले, "घरी जे शिजते ते पोटभर खा. वर मूठभर शेंगदाणे आणि गूळ खा. डबे विकत आणू नकोस." आम्हा मुलांना ते कौतुकाने इस्माईल शेख यांचे नाव सांगत. ते १९८० साली महाराष्ट्र केसरी झाले होते.

वस्तादांना बढाई मुळीच खपत नसे. त्याचे कारण मला पुढे फरिश्ता वाचताना उमगले. या इतिहासकाराचे बालपण अहमदनगरातच गेले. हे शहर मलिक अहमद निजामशहाने वसवले. त्याला तलवारबाजीचा भारी शौक. राजाचा शौक तोच लोकांचा शौक! फरिश्ता लिहितो, की मोहल्ल्यामोहल्ल्यात तलवारबाजीच्या तालमी निघाल्या. जो तो स्वतःलाच थोर समजू लागला. भांडणे राजापुढे जात आणि तिथेच तलवारी चालत. माणसे मरू लागली. शेवटी राजालाच त्याचा वीट आला. "माझ्यासमोर लढू नका," असे त्याने फर्मावले. तालमी पुष्कळ होत्या, पण 'पुरे' म्हणणारा वस्ताद किती जणांत असेल, कोण जाणे!

मी मोठा पहिलवान झालो नाही. दोन-चार गावच्या जत्रांत कुस्त्या जिंकलो, त्याहून जास्त हरलो. पण कंबर पुन्हा कधी दुखली नाही. २०२५ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा आमच्या वाडिया पार्कवर झाली, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. आता माती आणि मॅट अशा दोन्हींवर कुस्त्या होतात. दोन्हींकडचे विजेते शेवटी किताबासाठी लढतात. त्या वर्षी पृथ्वीराज मोहोळ यांनी किताब जिंकला.

परवा माझी भाची म्हणाली, "मामू, मला जिममध्ये नाव घालायचे आहे." तिने मोबाइलवर मला चकचकीत यंत्रांचे फोटो दाखवले. मी म्हणालो, "चल, आधी बघून येऊ." आम्ही दोघे तिथे एका बाकावर बसलो. ती सारखी म्हणत होती, "मामू, फॉर्म कधी भरायचा?" मी गप्प बसून बघत होतो. थोड्या वेळाने तिथली शिक्षिका आमच्याकडे आली. तिने भाचीला विचारले, "याआधी कधी कुठे दुखापत झाली होती का?"

मी खिशातून पेन काढून भाचीच्या हातात दिले.