चमन महाल आणि मावशीचा करिबेवु

परवा भोपाळला जाण्याचा योग आला. योग म्हणायचा आपला, खरं तर मला कामगिरीवर पाठवलं होतं. माझी मावशी तिथं इंद्रपुरीत राहते. काका जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा परदेशात. तिनं आता घर विकून निपाणीला, काकांच्या गावी यावं, अशी सगळ्यांची इच्छा. ‘‘अक्का, तूच जा. तुझं ती ऐकते,’’ असं मावसभावानं फोनवर सांगितलं आणि मी बेळगावहून गोवा एक्स्प्रेसमध्ये बसले.

मावशी माहेरची धारवाडची. घरात कन्नड. काका निपाणीचे मराठी. १९७२ साली ते भेलमध्ये लागले आणि दोन वर्षांनी मावशीला घेऊन भोपाळला गेले. तेव्हापासून मावशी बहिणींशी कन्नड, काकांशी मराठी आणि दारात आलेल्या माणसाशी हिंदी बोलत आली. इंद्रपुरीत तिला अजून काही जण ‘मद्रासवाली आंटी’ म्हणतात. धारवाड मद्रासमध्ये नाही, हे पन्नास वर्षं सांगून ती थकली.

पहिले दोन दिवस मी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना काढला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘उद्या आपण इस्लामनगरला जाऊ. चमन महाल बघू. तुझ्या काकांना फार आवडायचा. दर थंडीत एकदा डबा घेऊन जायचो.’’ विषय बदलला की पुढं ढकलला, हे मला कळलं नाही. मीही ‘बरं’ म्हटलं.

सकाळी गाडीवाल्याला मावशीनं ‘इस्लामनगर’ सांगितलं. विशी-बाविशीचा पोरगा. तो म्हणाला, ‘‘जगदीशपुर ना, आंटीजी?’’ मावशी म्हणाली, ‘‘हां हां, वही.’’ या गावाचं मूळ नाव जगदीशपूर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते इस्लामनगर झालं आणि २०२३ च्या फेब्रुवारीत सरकारनं पुन्हा जगदीशपूर केलं. त्याआधी २०२१ मध्ये भोपाळच्या हबीबगंज स्टेशनचं राणी कमलापती झालं, तेही मावशीच्या जिभेवर अजून बसलेलं नाही. आपल्या भागातल्या माणसाला यात नवल ते काय! घरच्या लग्नपत्रिकेवर बेळगाव छापायचं की बेळगावी, यावरून आमच्याकडं दोन दिवस अबोला झालेला आहे.

अयोध्या बायपासनं करोंद गाठायचं आणि तिथून बैरसिया रस्त्याला लागायचं. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर गाव आहे. डाव्या-उजव्या बाजूला गव्हाची शेतं. मग एकदम जुना तट दिसतो, दरवाजा लागतो आणि गाडी गावात शिरते. लोकांची घरं, म्हशी, पिठाची गिरणी, आणि त्यांच्या मधोमध महाल! राजवाडा गावापासून अलग ठेवलेला असेल असं मला वाटलं होतं. इथं तर महालाच्या भिंतीलगत कुणाची तरी वाळवणं पडली होती.

चमन महाल प्रथमदर्शनी फार मोठा वाटत नाही. म्हैसूरचा राजवाडा डोळ्यांसमोर ठेवून जाणाऱ्याची निराशाच व्हायची. हा एका नव्या, धास्तावलेल्या सरदाराचा वाडा आहे. लाल दगड, ओळीनं कमानी, आत आरसेमहाल, आणि पुढं बाग. बाग चारबाग पद्धतीची. म्हणजे पाण्याच्या पाटांनी जमिनीचे चौकोन पाडायचे, मध्ये कारंजी, चौकोनांत फुलझाडं. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही मांडणी लगेच ओळखू येईल. तिथं ती प्रचंड आहे, इथं घरापुरती. उलट मला तीच आवडली. कमानीत बसलेल्या माणसाला बागेच्या टोकाला उभा असलेला माणूस हाक मारू शकेल, एवढंच अंतर.

‘चमन’ म्हणजे बागच. मावशीनं पायरीवर टेकत तिच्या भाषेत सांगून टाकलं, ‘‘हूविन तोटद मनी.’’ फुलबागेचं घर.

हा वाडा बांधणारा दोस्त मोहम्मद खान हा अफगाण. नशीब काढायला हिंदुस्थानात आला, मोगलांच्या चाकरीत राहिला आणि औरंगजेबानंतरच्या धामधुमीत माळव्यात पाय रोवले. १७१५ च्या सुमारास त्यानं जगदीशपूर घेतलं. कसं घेतलं, याची गोष्ट मात्र चांगली नाही. इथल्या राजपूत जमीनदाराला त्यानं नदीकाठी मेजवानीला बोलावलं आणि जेवत असतानाच त्याची माणसं कापून काढली, असं सांगतात. रक्तानं लाल झालेल्या त्या नदीला पुढं हलाली म्हणू लागले. आज त्याच नदीवर हलाली धरण आहे आणि भोपाळची कुटुंबं रविवारी तिथं सहलीला जातात. काकाही मुलाला घेऊन जायचे म्हणे.

ही गोष्ट कमानीखाली बसून ऐकताना समोरच्या गुलाबांकडं नीट बघवेना. ‘‘काकांना हे माहीत होतं?’’ मी विचारलं.

‘‘माहीत नसायला काय झालं? भोपाळात सगळ्यांना माहीत आहे,’’ मावशी म्हणाली. ‘‘ते म्हणायचे, जागा कुणी कशी मिळवली हे विसरायचं नाही, पण म्हणून झाडांना पाणी घालायचं थांबवायचं का?’’

मला ते तितकं पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण काकांशी वाद घालायला आता काका नाहीत.

पुढची हकीकत आपल्याकडच्या वाचकांना जवळची वाटेल. १७२३ च्या सुमारास दक्षिणेचा निजाम दोस्त मोहम्मदवर चालून आला. हाच तो हैदराबादचा पहिला निजाम, ज्याच्या घराण्यानं बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि मराठवाड्यावर पुढं दोनशे वर्षं राज्य केलं. दोस्त मोहम्मदला नमतं घ्यावं लागलं. त्यानं आपला मुलगा यार मोहम्मद निजामाकडं ओलीस ठेवला. पोरगा दक्षिणेत वाढला. १७२८ मध्ये बाप वारल्यावर निजामानंच त्याला फौज देऊन परत पाठवलं आणि त्यानं याच गावातून राज्य केलं.

‘‘यार मोहम्मद!’’ मावशी हसायला लागली. कन्नड येणाऱ्यांना कळलंच असेल. आपल्या कन्नडमध्ये ‘यार’ म्हणजे ‘कुणाचा’. कुणाचा मोहम्मद? बापानं दिलेला, निजामानं वाढवलेला, माळव्यात परत आलेला. हसता हसता मावशी थोडी गप्प झाली.

‘‘मीसुद्धा तेच की ग,’’ ती म्हणाली. ‘‘निपाणीत मी कानडी सून. धारवाडात गेले की मराठ्यांच्यात दिलेली. आणि इथं मद्रासवाली. तुम्ही मला परत न्यायला निघालात, पण परत म्हणजे कुठं?’’

याला उत्तर मी घरून तयार करून नेलं नव्हतं. मी डबा उघडला.

खाऊन झाल्यावर हमाम पाहिला. मला विचाराल तर या वाड्यात सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट हीच. कपडे बदलायची खोली वेगळी, आत अंधारी थंडगार न्हाणी, बांधून काढलेला हौद, आणि गरम व थंड अशा दोन्ही पाण्यांची सोय. भिंती इतक्या जाड की बाहेरचं ऊन आत पोचत नाही. तिथं उभं राहिल्यावर तलवारी, तह वगैरे विसरायला होतं आणि तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी थंडीत कुडकुडत इथं येऊन गरम पाण्यात बसलं असेल, एवढंच डोळ्यांसमोर येतं. मावशीला धारवाडच्या घरातली बच्चलमनी आठवली. चुलीवर कायमची बसवलेली तांब्याची हंडी, ओल्या लाकडाचा धूर, आणि ‘पुरे आता, पाणी संपवशील’ म्हणून दाराशी ओरडणारी आज्जी. ‘‘नवाबाच्या न्हाणीत धूर नसेल डोळ्यात जात,’’ ती म्हणाली. पाणी तापवणाऱ्या नोकराच्या जात असेल, असं मी म्हटलं. तिनं मान डोलावली.

जवळच राणी महाल आहे, बायकांच्या राहण्याचा. तोही पाहिला, पण मावशीचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून वरवरच. गोंड राजांच्या वेळचा म्हणून सांगतात तो गोंड महाल लांबूनच दिसला. राजपूत, गोंड, पठाण अशी तीन राज्यं एवढ्याशा गावात एकमेकांना खेटून उभी आहेत. चौथे आपण मराठे! १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावानं निजामाला भोपाळलाच कोंडीत पकडलं आणि १७३८ च्या जानेवारीत इथून जवळच दोराह्याला तह झाला, हे आपण शाळेत शिकलो. पण हा किल्ला १८०६ पासून १८१७ पर्यंत शिंद्यांच्या ताब्यात होता, हे मला इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं. मग तो भोपाळच्या नवाबाला परत मिळाला. तोवर राजधानी केव्हाच भोपाळला तलावाकाठी गेली होती. त्या अकरा वर्षांत बागेला पाणी कोण घालत होतं, कुणास ठाऊक.

आम्ही गेलो तेव्हा कारंजी बंद होती. पाटांत पाणी नव्हतं, वाळकी पानं होती. एक माळीबाबा खराट्यानं ती गोळा करत होते. मावशी त्यांच्याशी बोलायला लागली. बोलायला म्हणजे काय, उलटतपासणीच! पाणी कुठून आणता, उन्हाळ्यात किती वेळा, या गुलाबाला शेणखत की दुसरं काही? बाबांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, माणूस आठ दिवस आला नाही तर फुलझाडं माफ करतात, एक महिना आला नाही तर नाही करत.

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मला कळलं, आजची सहल याच वाक्यासाठी होती की काय! पण ती तरी कशी ठरवून आणणार?

परतीच्या वाटेवर ती खिडकीतून बाहेर बघत बसली. मग आपणहून बोलली. इंद्रपुरीतल्या तिच्या घराच्या मागं दहा बाय बाराची जागा आहे. तिथला करिबेवु तिनं लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाला धारवाडहून रोप करून आणलेला. ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून, गाडी बदलत. भोपाळची थंडी त्याला मानवेना. तीन वर्षं दर डिसेंबरात तो खराटा व्हायचा आणि काका म्हणायचे, गेला. चौथ्या वर्षी टिकला. आता त्याची पिल्लं गल्लीतल्या सात-आठ घरांत आहेत. कुणाची मल्लिगी तिनं लावून दिली, कुणाचं पानवेल. फोडणीची वेळ झाली की मागच्या दाराशी ‘आंटी, चार पत्ते’ म्हणून कुणी ना कुणी उभं असतं.

‘‘निपाणीला मला कोण पत्ते मागणार?’’ मावशी म्हणाली. ‘‘तिथं सगळ्यांच्या दारात करिबेवु आहे.’’

रात्री मावसभावाचा फोन आला. ‘‘काय ठरलं अक्का?’’ मी म्हटलं, ठरलं काही नाही. घर विकायचं नाव काढू नकोस आत्ता. दिवाळीला ती दोन महिन्यांसाठी निपाणीला येते म्हणालीय, तेही करिबेवूची सोय लागली तर. तो पलीकडं बराच वेळ बोलला नाही. एकटी आहे, गुडघे दुखतात, रात्री काही झालं तर काय, हे त्याचंही खोटं नाही. मी तसं म्हटलं. मग त्यानं विचारलं, ‘‘मागच्या दाराची कडी नीट लागते का बघितलीस?’’ बघितली नव्हती. फोन ठेवून बघितली. लागत नव्हती. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या. उत्तर प्रदेशातल्या, वीस वर्षांची ओळख. दोन महिने झाडं त्या सांभाळणार. मावशीनं कॅलेंडरच्या मागं कुठल्या झाडाला किती पाणी याची यादी केली होती, ती भरभर लिहीत गेली आणि झाली सगळी कन्नडमध्ये. बाईंनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि हसत माझ्याकडं दिला. मग मी ती देवनागरीत उतरवून काढली. मल्लिगीच्या जागी बेला, एक दिवसाआड. पानवेलीला सावली, रोज थोडं. करिबेवूपाशी अडले. कढीपत्ता लिहिलं, तर बाई म्हणाल्या, ‘‘अच्छा, मीठा नीम!’’

‘‘तेच लिही,’’ मावशी म्हणाली. ‘‘आणि थंडीत बुडाशी पाला घालायचा, तेही लिही.’’