माझ्या बाजूचे लोक

नागपुरात फेडररच्या चाहत्यांचा ग्रुप मी सुरू केला, तेव्हा त्यात धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर इथली ओळखीचीच मंडळी होती. काही जण रामनगरच्या कोर्टांवर पहाटे खेळणारे, काही माझ्यासारखे शाळेत रॅकेट धरलेले आणि पुढे टीव्हीसमोर बसूनच टेनिस जगणारे. क्रिकेटवेड्या गावात टेनिसवर बोलायला माणूस मिळणं कठीण, म्हणून व्हॉट्सअॅपवर जमलो. मित्रांचे मित्र आले, नोकरीसाठी पुण्याला गेलेली पोरं आली, अमरावती-वर्ध्याचे लोक आले. अॅडमिन मी एकटीच होते. त्या काळात मी जे केलं ते इथे लिहिते आहे, कारण ज्यांना त्याचा त्रास झाला त्यांना मी फार उशिरा गाठलं.

पहिली चूक सुरुवातीलाच झाली. नावात फेडरर होता, तरी ग्रुप टेनिसचा आहे की फक्त फेडररचा, हे मी मनाशी कधी ठरवलंच नाही. बाहेर सांगताना टेनिसचा म्हणायचे, आत वागताना फेडररचा. जानेवारी २०१४मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपान्त्य फेरीत नदालनं फेडररला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. आमच्यात एक ज्येष्ठ काका होते, तरुणपणी चांगलं टेनिस खेळलेले. त्यांनी त्या संध्याकाळी एक मोठा व्हॉइस मेसेज पाठवला. नदालचा डावखुरा फोरहँड जमिनीवर पडला की उसळून रॉजरच्या बॅकहँडला खांद्याच्या वर येतो. एका हाताच्या बॅकहँडला तिथे जोर काढता येत नाही. तो मागे सरकून मारत राहील तोवर हरत राहील, पुढे घुसून चेंडू चढायच्या आत मारला तरच काही होईल, असं ते शांतपणे सांगत होते. शेवटी म्हणाले, "हा पोरगा रॉजरला जे शिकवतोय ना, ते कोणताही कोच शिकवू शकणार नाही."

मी त्यांना उत्तर लिहिलं की नदालचं कौतुक करायला ही जागा नाही. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते ग्रुपमधून गेलेले दिसले आणि मला हायसं वाटलं.

तीन वर्षांनी, २९ जानेवारी २०१७ला, मेलबर्नची फेडरर-नदाल अंतिम लढत आम्ही एका मित्राच्या घरी एकत्र पाहिली. आपल्याकडे दुपार होती, तर्री-पोहे झाले होते, खोली भरलेली होती. फेडरर ३५ वर्षांचा, सहा महिने दुखापतीमुळे बाहेर राहून परतलेला. पाचव्या सेटमध्ये तो १-३ असा मागे पडला आणि तिथून सलग पाच गेम घेऊन जिंकला. त्या पाच गेममध्ये त्यानं नेमकं काकांनी सांगितलेलं केलं. बेसलाइन सोडली नाही, चेंडू चढायच्या आत बॅकहँड सपाट मारला. हाताशी मोठ्या डोक्याची रॅकेट होती, पाठीशी प्रशिक्षक इव्हान ल्युबिचिच होता, हे सगळं खरं. पण तो बॅकहँड तयार झाला तो नदालपायी. बक्षीस समारंभात फेडरर म्हणाला की टेनिसमध्ये बरोबरी नसते, असती तर आज राफाबरोबर ती आनंदानं वाटून घेतली असती. खोलीत सगळे ओरडत होते, मीही ओरडत होते. ज्या माणसानं मला हा सामना तीन वर्षं आधी समजावून दिला होता, तो मात्र तिथे नव्हता, कारण मी त्याला ठेवलं नव्हतं.

एवढ्यानं मी शहाणी व्हायला हवी होते. झाले नाही. नदालवरचा राग ओसरला होता, आता राग काढायला जोकोविच होता. त्यानं २०१४ आणि २०१५च्या विम्बल्डन अंतिम फेरीत फेडररला हरवलं होतं. त्याआधी २०१० आणि २०११मध्ये, लागोपाठ दोन वर्षं, अमेरिकन ओपनच्या उपान्त्य फेरीत दोन-दोन मॅच पॉइंट वाचवून जिंकला होता. तो दुखापतीचं सोंग करतो असं दाखवणारा एक व्हिडिओ मला कुणीतरी पाठवला, मी तो ग्रुपवर टाकला. काही दिवसांनी कळलं की वेगवेगळ्या सामन्यांचे तुकडे जोडून तो बनवलेला आहे. मी तो काढला नाही, खुलासाही केला नाही. लोक त्यावर इतकं बोलत होते की ते थांबवावंसं मला वाटलं नाही. गजबज म्हणजे ग्रुप चांगला चालला आहे, असं मी धरून चालले होते.

जोकोविचबद्दल मला तेव्हा काय माहीत होतं? तो बेलग्रेडचा, १९९९मध्ये शहरावर नाटोचे बाँब पडत होते तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता, आईबापांचं डोंगरातल्या कोपाओनिकला पिझ्झाचं दुकान होतं आणि समोरच्या कोर्टावर येलेना गेंचिच या बाईंनी त्याला हेरलं, हे सगळं मी वाचलेलं होतं. फेडररबद्दल असलं काही असतं तर रोज सांगितलं असतं. जोकोविचबद्दलचं मी कधीच लिहिलं नाही.

मग १४ जुलै २०१९ आला. त्याच संध्याकाळी लॉर्ड्सवर क्रिकेटच्या विश्वचषकाची अंतिम लढत चालू होती, पण आमची मंडळी विम्बल्डनला चिकटलेली. पाचव्या सेटमध्ये ८-७, फेडररची सर्व्हिस, ४०-१५. दोन चॅम्पियनशिप पॉइंट. पहिल्यावर फेडररचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो नेटकडे धावला आणि जोकोविचनं आडव्या कोनातून फोरहँड त्याच्या बाजूनं काढला. पुढे १२-१२ झालं, त्या वर्षीच आलेल्या नियमाप्रमाणे टायब्रेक झाला आणि जोकोविच जिंकला. ४ तास ५७ मिनिटं. फेडररचे एकूण गुण २१८, जोकोविचचे २०४. तरी तिन्ही टायब्रेक जोकोविचचे.

ग्रुपमध्ये अभियांत्रिकीला शिकणारी एक मुलगी होती. ती जोकोविचला मानते हे मला माहीत होतं. ती फारसं बोलत नसे म्हणून राहिली होती. त्या रात्री तिनं लिहिलं, "सगळं स्टेडियम विरुद्ध असताना ४०-१५वरून परत येणं, हे धैर्य मान्य करा ना. रॉजरला कमी लेखत नाहीये मी." आणि लोक तिच्यावर तुटून पडले. आधी टोमणे, मग 'सर्बियाला जा', मग ती मुलगी आहे यावरून घाणेरडं. लिहिणारे माझ्या बाजूचे होते. त्यातल्या एका मेसेजवर मी हसण्याची खूण टाकली. ती उत्तर देत राहिली, एकदाही पातळी न सोडता. मध्यरात्रीनंतर मी तिला काढून टाकलं आणि खाली लिहिलं की ग्रुपमध्ये शांतता राहावी म्हणून हे करावं लागलं.

सकाळी बऱ्याच जणांनी मला शाबासकी दिली. सामन्यानंतर जोकोविच जे बोलला ते मी त्याच दिवशी वाचलं: लोक 'रॉजर, रॉजर' ओरडतात तेव्हा मी मनाशी 'नोवाक, नोवाक' असं ऐकतो. ते वाचून मला तिची आठवण यायला हवी होती. नाही आली.

माझी ही मनोवृत्ती २०१९ची नव्हती. ती लहानपणची आहे, हे मान्य करायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. शाळेत असताना मी स्टेफी ग्राफची भक्त होते. मोनिका सेलेसनं १९९१मध्ये तिचा पहिला क्रमांक घेतला होता, १९९२ची फ्रेंच अंतिम फेरी तिसऱ्या सेटमध्ये १०-८ अशी जिंकली होती, जानेवारी १९९३मध्ये ऑस्ट्रेलियातही स्टेफीला हरवलं होतं. ३० एप्रिल १९९३ला हॅम्बर्गमध्ये, गेम संपल्यावर सेलेस खुर्चीत बसलेली असताना, एका माणसानं तिच्या पाठीत सुरी खुपसली. तो स्टेफीचा चाहता होता. स्टेफी पुन्हा पहिली व्हावी एवढंच त्याला हवं होतं, आणि तसं झालंही. जूनमध्ये स्टेफी पहिल्या क्रमांकावर आली. फ्रेंच, विम्बल्डन, अमेरिकन, तिन्ही स्पर्धा त्या वर्षी तिनं जिंकल्या. हल्लेखोराला तुरुंगात जावं लागलं नाही, शिक्षा स्थगित झाली. सेलेसचा क्रमांक गोठवून ठेवावा का, असं आघाडीच्या खेळाडूंना विचारलं गेलं तेव्हा कौल तिच्या विरुद्ध गेला. गॅब्रिएला साबातिनी तेवढी तटस्थ राहिली. एकोणीस वर्षांची, आठ ग्रँड स्लॅम जिंकलेली मुलगी दोन वर्षांहून अधिक काळ खेळली नाही. परतल्यावर तिला आणखी एकच मिळालं, १९९६चं ऑस्ट्रेलियन. जर्मनीत ती पुन्हा कधी खेळली नाही.

मी त्या वर्षी स्टेफीची कात्रणं वहीत चिकटवत होते. हल्ल्याच्या बातमीचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण जूनमधल्या आनंदावर त्याचा ओरखडाही उमटला नाही. स्टेफी स्वतः रुग्णालयात सेलेसला भेटून आली होती. सेलेस खेळेनाशी झाल्यावर स्टेफीला तिच्या तोडीचं कुणी उरलं नाही, आणि ते सामने पुन्हा बघताना आज मला त्यांतली पोकळी दिसते. तेव्हा दिसली नव्हती. सुरी हातात घेणारा माणूस आणि वहीत कात्रणं लावणारी मुलगी यांच्यात फार मोठं अंतर आहे, हे मला कळतं. पण समोरची नसती तर बरं झालं असतं, ही इच्छा दोघांची एकच होती. पुढे ग्रुप चालवताना मी हीच इच्छा इतरांना पुरवत राहिले.

२३ सप्टेंबर २०२२ला लंडनच्या लेव्हर कपमध्ये फेडरर शेवटचा सामना खेळला, नदालबरोबर दुहेरीत. हरल्यावर दोघं बाकावर हात धरून रडत होते. जोकोविचही त्याच संघात होता. आमच्या ग्रुपवर तो फोटो सगळ्यांनी टाकला, मीही टाकला. नुकत्याच आलेल्या एका मुलानं सरळ विचारलं, "मग आपण नदालवाल्यांना का ठेवत नाही?" कुणीच उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्याकडून अपेक्षित होतं.

त्यानंतर मी काकांकडे गेले. त्यांनी चहा दिला आणि तासभर नदालच्या पायाच्या दुखण्याबद्दल बोलले. मी माफी मागितली तेव्हा म्हणाले, "ग्रुपचं राहू दे गं. मॅच असली की इकडे ये." मी जाते. ८ जून २०२५ची अल्कराझ आणि सिनरची फ्रेंच अंतिम लढत, तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून अल्कराझ जिंकला ती, ५ तास २९ मिनिटांची, आम्ही त्यांच्याच घरी पाहिली. काकांचा कल सिनरकडे होता, माझा अल्कराझकडे.

ग्रुपमधून काढलेल्या त्या मुलीला लिहायचं धाडस मला त्यानंतर झालं. एवढा उशीर का, याचं माझ्याकडे समर्थन नाही. काकांच्या उंबऱ्यावर जाणं सोपं होतं, ते मोठ्या मनाचे आहेत हे मला माहीत होतं. तिच्याबद्दल तशी खात्री नव्हती, आणि असण्याचं कारणही नव्हतं. मी जे केलं ते स्पष्ट शब्दांत लिहिलं: मेसेज थांबवले नाहीत, लिहिणाऱ्यांना न काढता तुला काढलं. तिचं उत्तर आलं, "ताई, ते लोक अजून आहेत का ग्रुपमध्ये?"

होते. सगळे होते. वाढदिवसाला मला शुभेच्छा देणारे, मॅचला घरी येणारे.

मी ते ग्रुपवर मांडलं. त्या रात्री काय झालं, कुणाचं चुकलं, आणि यापुढे असं लिहिणारा कोणत्याही खेळाडूचा चाहता असो, त्याला काढलं जाईल. दोघांनी तिला माफीचे शब्द लिहून पाठवले. काही जण चिडून बाहेर पडले, त्यांत माझे जुने स्नेही होते. एकानं जाता जाता लिहिलं, "हसणाऱ्यांत तुम्हीही होता." त्याचं खरं होतं. ते मी तिला लिहिताना वगळलं होतं, म्हणून पुन्हा लिहून तेही कळवलं. तिनं सांगितलं की माफी पोचली, पण ती परत येणार नाही. ग्रुपचं नाव आम्ही बदललं आहे, त्यात आता कोणत्याच खेळाडूचं नाव नाही. अॅडमिन दोघं आहोत. दुसरा जोकोविचचा चाहता आहे, आणि कुणाला काढायचं असेल तर दोघांची संमती लागते.