लपवलेला चावा

मे महिन्याच्या दुपारी रिसालीचे रस्ते ओस पडतात. भिलाई पोलाद कारखान्याच्या शेजारी वसलेल्या या भागात त्या वेळी कूलरच्या घरघरीखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. अशाच एका दुपारी, घरातली मोठी माणसे झोपलेली असताना, एका मराठी कुटुंबातल्या चौदा वर्षांच्या मुलीने पिंजऱ्याचे वरचे दार उघडले. आत कागदाच्या कपट्यांच्या ढिगात तिचा सोनेरी हॅम्स्टर गाढ झोपला होता. नुकताच आंबा खाल्लेला तिचा हात वरून खाली आला, बोटे त्याच्या पाठीला लागली आणि पुढच्याच क्षणी तर्जनीच्या टोकात दोन सुया एकदम रुतल्यासारखी कळ मस्तकात गेली. तिने हात झटकला. बोट धरून लटकलेला तो जीव हवेत हेलकावला, सुटला आणि कपट्यांत पडला.

रक्त बरेच आले. किंकाळी मात्र तिने गिळली. हॅम्स्टर घरात आला त्या दिवशी आईने अट घातली होती : चावला, तर दुसऱ्या दिवशी दुकानात परत. म्हणून तिने बोट ओढणीच्या टोकात गुंडाळून दाबून धरले, रक्त थांबल्यावर वर पट्टी चिकटवली आणि संध्याकाळी विचारणा झाली तेव्हा ‘कैरी चिरताना सुरी लागली’ असे सांगितले. जखम तिने धुतली नाही. नळ सोडला असता तर आजी जागी झाली असती.

या लहानशा प्रसंगात तीन चुका आहेत. झोपलेल्या प्राण्यावर वरून हात गेला, ही पहिली. चावल्यावर हात झटकला गेला, ही दुसरी. चावा लपवला गेला, ही तिसरी. पहिल्या दोन चुकांची किंमत बोटाला मोजावी लागते. तिसरीची किंमत कधीकधी सगळ्या शरीराला मोजावी लागते.

एवढ्याशा प्राण्याचा चावा इतका का दुखतो, याचे उत्तर त्याच्या दातांत आहे. उंदीर, घूस, खार, गिनीपिग, हॅम्स्टर हे सारे कृंतक गणातले, म्हणजे कुरतडणारे प्राणी. त्यांच्या समोरच्या दातांना मराठीत पटाशीचे दात म्हणतात, आणि हे नाव अगदी नेमके आहे. या दातांच्या फक्त पुढच्या बाजूला कठीण एनॅमलचा थर असतो. मागचे डेंटिन त्या मानाने मऊ असते. कुरतडताना मागची बाजू लवकर झिजते, पुढची कमी झिजते, आणि त्यामुळे दाताला सुताराच्या पटाशीसारखी तिरपी धार कायम राहते. हे दात आयुष्यभर वाढत असतात. अनेक जातींत त्यांचा पुढचा भाग पिवळसर नारिंगी दिसतो, कारण तिथल्या एनॅमलमध्ये लोह असते. असा दात त्वचेवर ओरखडा काढून थांबत नाही, तो सरळ आत उतरतो. बोटाच्या टोकाशी तर चेतातंतूंची दाटी असते. जखमेचे तोंड बारीक आणि खोली जास्त, म्हणून वरची त्वचा लवकर मिटते आणि आत गेलेले जंतू आतच राहतात.

चावण्यामागे राग असतो, अशी आपली समजूत असते. बहुतेक वेळा ती भीती असते. हॅम्स्टर निशाचर आहे. दुपार ही त्याची मध्यरात्र. त्याची दृष्टी अधू, घ्राणेंद्रिय मात्र तीक्ष्ण. झोपेतून दचकून जागा झालेल्या अशा प्राण्याला वरून येणारी सावली म्हणजे शिकारी पक्षी वाटते, आणि आंब्याचा वास येणारे बोट म्हणजे खाद्य वाटते. दोन्ही बाबतींत उत्तर एकच : दात.

माणसाच्या हाताची या प्राण्याला सवय होऊन शंभर वर्षेही झालेली नाहीत. १९३० साली जेरुसलेमचे प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल आहारोनी यांनी सीरियातल्या अलेप्पोजवळ एका शेतात खोल खणून सोनेरी हॅम्स्टरची एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली. परजीवीशास्त्रज्ञ सॉल अॅडलर यांना लिश्मानियासिसच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेत सहज वाढेल असा हॅम्स्टर हवा होता. याच रोगाचा एक प्रकार भारतात काळा आजार म्हणून ओळखला जातो. पकडलेल्या मादीने भयाच्या भरात जवळ आलेल्या आपल्याच पहिल्या पिल्लाला चावून मारले, अशी नोंद आहे. उरलेल्यांपैकी काही जगली, त्यांची प्रजा वाढली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत व घरांत असलेले बहुतांश सोनेरी हॅम्स्टर त्याच कुटुंबाचे वंशज मानले जातात. रिसालीतल्या पिंजऱ्यातला जीवही बहुधा त्याच वंशातला. भीतीपुढे पोटचे पिल्लूही दिसेनासे होते, ही त्या वंशाची पहिली नोंदलेली गोष्ट आहे.

हात कसा येतो याला किती महत्त्व आहे, हे २०१० साली लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांना शेपटीला धरून उचलण्याची रीत जुनी होती. या दोघींनी काही उंदरांना तसेच उचलले, काहींना ओंजळीत घेतले, तर काहींना एका नळीत स्वतःहून शिरू दिले आणि नळीसकट उचलले. शेपटीला धरलेले उंदीर माणसाचा हात टाळू लागले आणि त्यांच्या वागण्यात चिंतेची लक्षणे वाढली. नळीची किंवा ओंजळीची सवय झालेले उंदीर हाताजवळ आपणहून येऊ लागले. प्राणी तेच, माणसे तीच. बदलली होती ती फक्त उचलण्याची रीत.

आपल्याला या प्राण्यांची भीती उशिरा कळते, याचे एक कारण आपल्या कानातही आहे. संकटाच्या वेळी मोठे उंदीर सुमारे २२ किलोहर्ट्झचा आवाज काढतात. माणसाच्या कानाची कमाल मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास. त्यांचा इशारा आपल्या कानांवरून निघून जातो. आपल्यापर्यंत पोहोचतो तो दात.

मग चावा बसलाच, तर काय करावे? सर्वांत अवघड गोष्ट सर्वांत आधी : हात झटकू नये. प्राणी बोट धरून राहिला असेल, तर हात सावकाश खाली नेऊन पिंजऱ्याच्या तळाशी किंवा जमिनीवर टेकवावा. पायाखाली आधार मिळाला की तो बहुधा पकड सोडतो. झटकल्याने जखम फाटते, आणि उंचावरून पडलेल्या एवढ्याशा प्राण्याची हाडे मोडू शकतात. त्याला मारणे, त्याच्यावर ओरडणे निरर्थक आहे. हातापासून धोका असतो, एवढाच धडा तो त्यातून घेतो.

त्यानंतर नळाच्या वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, जखम सुमारे पंधरा मिनिटे धुवावी. थोडे रक्त वाहिले तर वाहू द्यावे. मग स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावे, जंतुनाशक लावावे. चुना, मिरचीपूड, तंबाखू, राख यांतले काहीही जखमेत भरू नये. धनुर्वाताच्या लसीची शेवटची मात्रा कधी घेतली होती ते पाहावे. बोट सुजले, लाल झाले, ठणकू लागले, पू दिसला किंवा सांध्याजवळ खोल चावा असला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. क्वचित काही लोकांना हॅम्स्टरच्या लाळेची तीव्र अॅलर्जी असते. चावल्यानंतर काही मिनिटांतच अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास कोंडू लागला, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

रेबीजची धास्ती प्रत्येक घरात असते, आणि कुत्र्याच्या चाव्याबाबत ती रास्तही आहे. उंदीर, हॅम्स्टर, गिनीपिग यांच्यासारख्या छोट्या कृंतकांत मात्र रेबीज जवळजवळ आढळतच नाही. घरात पाळलेल्या हॅम्स्टरच्या चाव्यासाठी रेबीजची लस घ्यावी लागण्याचा प्रसंग फार विरळा. तरीही हा निर्णय डॉक्टरांचा आहे, आणि तो त्यांना घेता यावा यासाठी चाव्याची हकिगत त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी.

इथेच तिसरी चूक महाग पडू शकते. उंदराच्या चाव्यानंतर येणारा ताप भारतीय वैद्यकाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मूषकविषावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात उंदरांचे अठरा प्रकार सांगितले आहेत, आणि दंशानंतरच्या लक्षणांत ज्वर, गाठी, अंगावर उठणारी मंडले व सांध्यांतल्या वेदना यांचा उल्लेख येतो. त्यामागचा एक जंतू प्रथम दिसला तो मुंबईत. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८८७च्या सुमारास एका उंदराच्या रक्तात बारीक, मळसूत्री आकाराचा जीवाणू पाहिला. ‘ग्रेज अॅनाटॉमी’ या १८५८ सालच्या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे कार्टर ते हेच. हा जीवाणू माणसाला आजारी पाडतो, हे जपानी संशोधकांनी पुढे १९१५-१६च्या सुमारास दाखवले. जपानीत या तापाला ‘सोडोकू’ म्हणतात. त्याचा अर्थही मूषकविष असाच होतो. दोन दूरच्या भाषांनी एकाच आजाराला एकच नाव दिले होते.

उंदीरदंशाच्या तापाचा दुसरा जंतू स्ट्रेप्टोबॅसिलस. निरोगी दिसणाऱ्या उंदरांच्या नाकाघशात तो सुखाने नांदतो. मोठे उंदीर हे त्याचे प्रमुख वाहक; हॅम्स्टरकडून तो येण्याची शक्यता बरीच कमी. या जंतूचा ताप बहुधा तीन ते दहा दिवसांनी येतो, मळसूत्री जंतूचा एक ते तीन आठवड्यांनी. थंडी वाजून ताप, अंगावर पुरळ, सांधेदुखी अशी लक्षणे दिसतात. पेनिसिलिनने हा आजार बरा होतो. उपचार न मिळाल्यास मात्र स्ट्रेप्टोबॅसिलसच्या तापात सुमारे दहापैकी एक रुग्ण दगावू शकतो. फसगत अशी, की ताप येईपर्यंत बोटावरची जखम बहुतेक वेळा भरून आलेली असते. डॉक्टर समोर पाहतात तो ताप, पुरळ, दुखणारे सांधे. त्यांच्या मनात डेंग्यू येतो, मलेरिया येतो, विषाणूजन्य ताप येतो. उंदराचे नाव त्यांना फक्त रुग्णच सांगू शकतो.

रिसालीतल्या त्या मुलीला सहाव्या दिवशी रात्री ताप आला. अंगावर चादर घालताना आजीचा हात तिच्या बोटाला लागला आणि मुलगी कळवळली. आजी मूळची वर्ध्याकडची. साठ वर्षे भिलाईत काढूनही तिची बोली बदललेली नव्हती.

“बोटाले काय झालं व माय?”

“सुरी लागली होती, आजी.”

आजीने चष्मा लावला आणि बोट दिव्याखाली धरले. “सुरी काय दोन ठिकाणी लागते का व?”

मग सगळे बाहेर आले, रडण्यासकट. मुलीला तापाची भीती नव्हती. पिंजरा रिकामा होण्याची होती. आई दारात उभी राहून ऐकत होती. ती त्या रात्री काही बोलली नाही. सकाळी तिने लसीकरणाचे कार्ड शोधून काढले आणि मुलीला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी चाव्याची तारीख लिहून घेतली, सांधे दाबून पाहिले, तळहात-तळपाय पाहिले, रक्त तपासायला दिले. धनुर्वात व घटसर्पाची लस दहाव्या वर्षी घेतल्याची नोंद कार्डावर होती, म्हणून नवे इंजेक्शन लागले नाही. ताप पुन्हा चढला, पुरळ उठले किंवा सांधे दुखू लागले, तर लगेच परत यायला त्यांनी सांगितले. दोन दिवसांत ताप उतरला आणि पुन्हा आला नाही. तो साधाच ताप होता. पण साधा आहे हे ठरवण्यासाठी आवश्यक असलेला एक धागा सहा दिवस पट्टीखाली दडलेला होता.

परतताना रिक्षा मैत्री बागेच्या रस्त्याने आली. तिथला पांढरा वाघ मुलीने लहानपणापासून पाहिलेला. वाघाच्या पिंजऱ्यात कोणी बोट घालत नाही, कारण त्याचा जबडा दुरूनही दिसतो. तळहातावर मावणाऱ्या प्राण्यालाही जबडा असतो, हे मात्र सहज विसरले जाते.

आईने आपली अट मागे घेतली आणि तिच्या जागी दुसरी घातली : चावला, तर त्याच क्षणी सांगायचे, सांगितल्याबद्दल प्राणी कधीच परत जाणार नाही. आता पिंजरा दिवसा उघडत नाहीत. दिवेलागणीनंतर, हॅम्स्टर स्वतः जागा होऊन चाकावर धावू लागला की मुलगी हात साबणाने धुते, पुठ्ठ्याची एक नळी पिंजऱ्यात आडवी ठेवते आणि वाट पाहते. पहिले चार दिवस तो नळीकडे फिरकलाही नाही. पाचव्या दिवशी मिशा थरथरवत आत शिरला. तिने नळी दोन्ही हातांनी अलगद उचलली, खाली मांडीवर टेकवली. तो दुसऱ्या टोकाने बाहेर आला, तर्जनीवर उरलेले दोन फिकट ठिपके त्याने हुंगले, आणि पुढे निघून गेला.