नळीतलं पाणी

मे महिन्यात वरवट बकालकडून फोन आला, की तक्रार बहुधा ठरलेली असते : "भाऊ, एसीच्या नळीतून पानीच नाई पडून रायलं. गॅस गेला वाट्टे." सुरुवातीला मीही लगेच गेज लावायचो. गॅस पुरेपूर असायचा. मग आयटीआयत नुसता पाठ केलेला सायक्रोमेट्रिक चार्ट बॅगेत आला.

विलिस कॅरिअर या अमेरिकी अभियंत्यानं 1911 साली हे गणित मांडलं. चार्टच्या तळाशी साधं तापमान, उजवीकडे किलोभर हवेतली वाफ ग्रॅममध्ये, आणि तिरप्या रेषा ओल्या फडक्याच्या तापमानाच्या. दोन थर्मामीटर, एकाच्या फुग्यावर ओलं फडकं. ते गरगर फिरवायचे. दोन आकडे मिळाले की त्या हवेचा ठिपका सापडतो.

आमच्या संग्रामपुरातली मेची दुपार 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रतेची धरा. किलोभर हवेत वाफ जेमतेम 9 ग्रॅम. ही हवा 12 अंशांपर्यंत थंड केली तरी दव धरत नाही. मग कॉइलवर पाणी जमणार कुठून? ओल्या फडक्याचं तापमान मात्र 23च्या आसपास. म्हणून चांगल्या ताट्यांचा कूलर हीच हवा 27-28 वर आणून सोडतो. कूलरला कमी लेखणाऱ्यांना मी ही तिरपी रेषा आवर्जून दाखवतो. जुलैत 32 अंश आणि 80 टक्के झाले, की ओलं फडकंच 29 दाखवतं. तिथं कूलर काय करणार?

सोनाळ्याच्या एका घरी उलटंच होतं. भर मेमध्ये नळीखालची बादली भरून वाहत होती, घरचे खूश होते, बिल तेवढं वाढलं होतं. शेजारच्या खोलीत कूलर चालू, मधलं दार सताड उघडं. कूलर हवेतली वाफ 17 ग्रॅमपर्यंत चढवत होता आणि एसी आपला गारवा तीच वाफ पुन्हा पाण्यात उतरवण्यात घालवत होता. कूलरची टाकी विकतच्या पाण्यानं भरली होती, याचं मला फार वाईट वाटलं.

दार लावून घेतलं. कूलर ओसरीवर आजोबांच्या बाजेकडे वळवला. चहा होईस्तोवर थांबून फडकं पुन्हा ओलं केलं, खोलीत थर्मामीटर फिरवले. चार्टवरचा ठिपका खाली सरकला होता. बाहेर बादलीत थेंब अंतराअंतरानं पडत होते.