दुखण्याला मार्क किती?

आम्हा आयटीवाल्यांना आकड्यांशिवाय करमत नाही. मीटिंगमध्ये आकडा नसेल, तर आपलं म्हणणं कोणी ऐकूनच घेत नाही. पण एका आकड्याने मला जे शिकवलं, ते इथे एम.एस. करताना कुठल्या प्रोफेसरनेही शिकवलं नव्हतं.

२०१२ सालची गोष्ट. आमचा चिनू तीन वर्षांचा होता. हर्नियाचं छोटंसं ऑपरेशन, सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी. सुदैवाने आई तेव्हा पुण्याहून आलेली होती. शुद्धीवर आल्यावर चिनू कण्हू लागला. मी लगेच म्हटलं, "शूर ना रे तू? शूर मुलं रडत नाहीत." बिचारा गप्प झाला. मॉनिटरवरची नाडी, ऑक्सिजन पाहून मी नर्सला ऐटीत सांगितलं, सगळं ठीक आहे.

ती हसून म्हणाली, "दुखणं या मशीनवर दिसत नाही. भीतीनेही नाडी वाढते. आणि तुम्ही त्याला गप्प केलंत, तर मला कळणार कसं?"

तिने पांघरूण बाजूला केलं. चिनूने दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले होते. मला ते दिसलंच नव्हतं.

मग तिने मला 'फ्लॅक' समजावून सांगितलं. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत अशा पाच गोष्टी. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०. कपाळाला आठी, १. पाय पोटाशी, २. अंग आखडलेलं, १. कण्हणं, १. पाचव्या गुणासाठी तिने आईला पुढे बोलावलं. आईने पाठीवरून हात फिरवत "उगी उगी" म्हटलं, तसा तो जरा निवला. आणखी १. एकूण ६, म्हणजे मध्यम दुखणं. औषध दिलं. थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, तेव्हा १.

घरी येऊन मी वाचत बसलो. हे मोजमाप मिशिगन विद्यापीठातल्या चौघांनी १९९७ साली प्रसिद्ध केलं, दोन महिने ते सात वर्षांच्या मुलांसाठी. त्या चौघांत डॉ. शोभा मालवीय हे नाव पाहून बरं वाटलं. त्याआधी तर तान्ह्या बाळांना फारसं दुखत नाही, असं कित्येक डॉक्टरही मानत. होळकरांच्या इंदूरला वैद्यकी शिकलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये मुदतीआधी जन्मलेल्या बाळांवर संशोधन केलं. ऑपरेशनच्या वेळी पुरेशी भूल नसेल तर बाळाच्या शरीरावर केवढा ताण येतो, हे त्यांनी १९८७ साली दाखवून दिलं.

आईला मी हे सगळं कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पोराला जवळ घेतल्याशिवाय तुमचा हिशोब पुरा होत नाही तर!"

खरंच की! बाकीचे चार गुण लांबून देता येतात. पाचव्यासाठी कोणीतरी हात फिरवावा लागतो.

चिनू आता माझ्यापेक्षा उंच झालाय. सॉकर खेळताना पाय मुरगळला, तरी "आय ॲम फाइन" म्हणतो. शूर मुलं रडत नाहीत, हे माझंच शिकवणं. आता मी ते बोलत नाही. शेजारी बसतो, पाठीवर हात ठेवतो आणि विचारतो, "खरं सांग, दहापैकी किती?"