गाडी घेण्याआधी अम्मींना विचारा

गेल्या महिन्यात आम्ही नवी गाडी बघायला निघालो. घरात माणसं पाच. मी, मिस्टर, अकरावीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी. अम्मींचे दोन्ही गुडघे दुखतात, चालायला वॉकर लागतो. माझं माहेर नळदुर्गचं. सोलापूरहून तिथं जायला आजवर एसटी, नाहीतर भाड्याची गाडी. मुलाच्या डोक्यात क्रॉसओव्हर बसलेली. क्रॉसओव्हर म्हणजे बाहेरून जीपसारखी उंच आणि आतून साधी कार.

शोरूममधल्या मुलानं पहिला प्रश्न विचारला तो रंगाचा. दुसरा सनरूफचा. सोलापूरच्या मे महिन्यात छप्पर उघडून कोण बसणार, ते त्यालाच ठाऊक! बोलत होता सगळं मिस्टरांशी. मिस्टरांकडे लायसन फक्त दुचाकीचं. चारचाकीचं माझ्याकडे आहे, हे मी सांगितलं तेव्हा तो "अच्छा मॅडम" म्हणाला आणि पुन्हा मिस्टरांकडेच वळला.

गाडी कोण चालवणार आणि तिच्यात कोण बसणार, हे त्यानं विचारलंच नाही. खरं तर आम्हीही घरी एकमेकांना विचारलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी हट्टानं अम्मींना सोबत नेलं. मुलाच्या आवडीच्या गाडीत त्यांचा पाय वर चढेना. दोघांनी धरून बसवलं, तर उतरताना घाबरल्या. मग त्याच शोरूममधली एक लहान, कमी उंचीची गाडी बघितली. तिची सीट बरोबर अम्मींच्या कमरेच्या उंचीला होती. आधी टेकल्या, मग पाय आत घेतले. झालं! वर चढायचं नाही आणि खाली धपकन पडायचंही नाही. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. तुमच्या घरात वयस्कर माणूस असेल, तर त्याला नेल्याशिवाय पैसे भरू नका. डिकीत वॉकरही ठेवून बघा.

"ईदला नणंद येते ना, मग सात सीटवालीच घ्या," असंही आम्हाला ऐकवलं गेलं. नणंद येते वर्षातून दोनदा. आणि तिसरी रांग उघडली की डिकीत जेमतेम एखादी बॅग मावते.

सुरक्षेचं विचारलं तर उत्तर आलं, "फाइव्ह स्टार आहे मॅडम." आपल्याकडे २०२३ पासून भारत एनकॅपची चाचणी आहे. तिच्यात मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी स्टार वेगवेगळे देतात. मुलांचे किती, असं विचारल्यावर तो मॅनेजरला शोधायला गेला. मागच्या मधल्या सीटला पूर्ण खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, हेही तिथंच ओढून बघा. आमच्याकडे तिथं मुलगी बसणार.

घरी येऊन मी टेप घेतली आणि आमची गल्ली मोजली. लोक लांबी विचारतात, रुंदी नाही. चार मीटरच्या आतल्या क्रॉसओव्हरसुद्धा जवळपास १.८ मीटर रुंद असतात, वर आरसे वेगळे. शेजाऱ्यांची मोटारसायकल उभी असली की आमच्याकडे तेवढी जागा उरत नाही. मुलाचा चेहरा उतरला, पण टेप त्यानंच धरली होती.

मग पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के, मोठ्या गाड्यांवर ४०. तो शोरूमच्या किमतीत धरलेला असतो. पण त्यावर आरटीओचा कर, विमा वगैरे चढतो. म्हणून 'ऑन रोड' किती, ते कागदावर लिहून घ्या. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नसते.

शोरूमवाला एकूण रक्कम बोलतच नव्हता, नुसता हप्ता सांगायचा. मी भाषेची शिक्षिका, तरी गणित मांडलं. आठ लाखांचं कर्ज, नऊ टक्के, सात वर्षं. हप्ता सुमारे १२,८७०. व्याजच दोन लाख ८१ हजार. पाच वर्षांत फेडलं तर एक लाख ९६ हजार.

आमच्या घरी हा आकडा नंतर येतो, आधी 'सूद' हा शब्द येतो. कुणी कर्ज काढतात, कुणी मजबुरी म्हणतात. मी कुणाचा न्याय करत नाही, माझ्या पगाराचं खातंही बँकेतच आहे. पण त्या रात्री अम्मींनी पासबुक माझ्यापुढे ठेवलं. "मेरे हज के पैसे हैं ना, वो लेको नगद भरदेव. सूद नक्को."

बारा वर्षं शिवणकाम करून साठवलेले पैसे. गुडघे असे असताना हज आता होणार नाही, असं त्यांनी मनाशी धरलेलं दिसत होतं. मला काही बोलता आलं नाही. मिस्टरांनी पासबुक उचललं, परत त्यांच्या पेटीत ठेवलं आणि म्हणाले, "अम्मी, गाडी रुक सकती."

तर क्रॉसओव्हर रद्द. ती कमी उंचीची लहान गाडी रोख घ्यायची, त्यासाठी अजून साधारण वर्षभर थांबायचं, असं ठरलंय. मुलगा दोन दिवस बोलला नाही. अम्मींच्या गुडघ्यांसाठी पुढच्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. जायला रिक्षाच करू.